पॅचिंग आणि ग्रुपिंग: लाईटच्या धंद्यातली अर्धी कमाई पॅच शीटमध्ये असते



'लाईट-साउंडचा धंदा कसा सुरू करायचा' या सिरीजखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, पार घेतले, शार्पी घेतल्या, लॅपटॉपवर सॉफ्टवेअर पण टाकलं. पण एक फेडर वर केला की भलताच लाईट लागतो. दोन तास त्यातच जातात." हा प्रश्न फक्त टेक्निकल नाहीये. यात तुमचा वेळ, तुमचं नाव आणि पुढची सुपारी, तिन्ही अडकलेलं आहे. म्हणून व्हिडिओत जे भरभर दाखवलं ते इथे सावकाश लिहून देतोय. हे वाचा, शेजारी एक वही ठेवा आणि उदाहरण स्वतः करून बघा.

आधी धंद्याचं बोलू

आपल्याकडची कामं डोळ्यासमोर आणा. डिसेंबर-जानेवारीत शाळा-कॉलेजची गॅदरिंग, मग लग्नं, पुढे गणपती, नवरात्र, मध्ये मध्ये ऑर्केस्ट्रा आणि एखादी कंपनीची पार्टी. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहासारख्या ठिकाणी काम असेल तर हॉल सत्रावर मिळतो. आधीचा कार्यक्रम संपणार, त्यांचं सामान निघणार, मग तुमचं आत जाणार. त्यात साउंडवाल्यालाही चेकिंग करायचंय, निवेदकालाही माईक बघायचाय आणि शाळेच्या बाईंना मुलांची रंगीत तालीम घ्यायचीये. तुम्हाला फक्त लाईटसाठी, अंधार करून, शांतपणे किती वेळ मिळतो? खूप झाला तर अर्धा तास.

हा अर्धा तास 'कुठला लाईट कुठल्या फेडरवर आहे' हे शोधण्यात गेला, तर कार्यक्रमात तुम्ही फक्त सगळे रंग फिरवत बसणार. क्लायंटला डीएमएक्स कळत नाही, पण त्याला एवढं नक्की कळतं की बक्षीस समारंभात प्रमुख पाहुण्यांचं तोंड हिरवं दिसत होतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. नवरात्रात एकाच रात्री दोन कामं आली तर? तुम्ही एका ठिकाणी, आणि दुसऱ्या ठिकाणी कोण? ज्याच्या लाईटची मांडणी फक्त मालकाच्या डोक्यात आहे, त्याला दुसरं काम सोडावं लागतं. ज्याची मांडणी कागदावर आणि फाईलमध्ये आहे, तो ऑपरेटर पाठवू शकतो. पॅचिंग आणि ग्रुपिंग नीट शिकायचं ते यासाठी. तुमचं कसब तुमच्याशिवायही चाललं पाहिजे, तेव्हा तो धंदा. नाहीतर ती नुसती मजुरी.

चॅनल, ॲड्रेस, युनिव्हर्स: तीन शब्द पक्के करा

लाईट आणि कन्सोल ज्या भाषेत बोलतात तिचं नाव डीएमएक्स ५१२. अमेरिकेतल्या यूएसआयटीटी या रंगमंच-तंत्रज्ञांच्या संस्थेने १९८६ साली हे स्टँडर्ड आणलं. त्याआधी प्रत्येक कंपनीचा डिमर आणि कन्सोल आपापल्या पद्धतीने बोलायचा, एकाचं दुसऱ्याला जुळायचं नाही. डीएमएक्स आल्यावर कोणाचाही लाईट कोणाच्याही कन्सोलवर चालू लागला. आज तुम्ही चायनाचा पार आणि इटलीची शार्पी एकाच केबलवर चालवता, ते त्यामुळेच.

चॅनल म्हणजे एक आकडा, ० ते २५५. लाल रंग किती, डिमर किती, मान किती वळली, अशा प्रत्येक गोष्टीला एक चॅनल.

युनिव्हर्स म्हणजे अशा ५१२ चॅनलची एक लाईन, एका केबलवरून जाणारी. पूर्ण ५१२ चॅनल भरले तरी हे सगळे आकडे सेकंदाला साधारण ४४ वेळा पुन्हा पुन्हा पाठवले जातात.

ॲड्रेस म्हणजे या ५१२ पैकी कितव्या चॅनलपासून लाईटने ऐकायला सुरुवात करायची तो आकडा.

सोसायटीच्या पत्रपेट्यांसारखं समजा. भिंतीवर ५१२ पेट्या आहेत. पोस्टमन सगळ्या पेट्यांत आकडे टाकून जातो. आठ चॅनलचा पार येतो आणि आपल्या ॲड्रेसपासून सलग आठ पेट्या उघडतो. त्याचा ॲड्रेस ९ असेल तर ९ ते १६. तुमचं नाव काय, किंमत किती, ब्रँड कोणता, पोस्टमनला काही माहीत नाही. आणि लाईट उलट काही बोलत पण नाही. साध्या डीएमएक्समध्ये निरोप एकाच दिशेने जातो. म्हणून चुकीची पेटी उघडली तर कोणी एरर दाखवत नाही, स्टेजवरच दिसतं.

पॅच हा शब्द आला कुठून?

जुन्या नाट्यगृहांत प्रत्येक लाईटची वायर एका बोर्डापर्यंत यायची आणि तिथे प्लग लावून ठरवायचं की हा लाईट कुठल्या डिमरवर चालेल. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर दोऱ्या इकडून तिकडे लावायचे, तसंच. ती प्रत्यक्ष जोडणी म्हणजे पॅच. आता तीच जोडणी सॉफ्टवेअरमध्ये होते, प्लगच्या जागी आकडा आला, पण शब्द तोच राहिला.

आजच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅच दोन ठिकाणी असतो आणि नवीन मुलं इथेच गोंधळतात.

पहिला आउटपुटचा पॅच. सॉफ्टवेअरमधलं युनिव्हर्स १ लॅपटॉपच्या कुठल्या यूएसबी डीएमएक्स डोंगलमधून बाहेर पडणार, हे सांगायचं. हे केलं नाही तर स्क्रीनवर सगळं हलतं, स्टेजवर काहीच नाही.

दुसरा फिक्स्चरचा पॅच. कुठल्या जातीचा लाईट, कुठल्या मोडमध्ये, कुठल्या ॲड्रेसवर आहे, हे सांगायचं.

शिकण्यासाठी मी क्यूएलसी प्लस सुचवतो. ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. त्यात इनपुट-आउटपुटच्या टॅबमध्ये पहिला पॅच होतो आणि फिक्स्चरच्या टॅबमध्ये दुसरा. पुढे मोठा कन्सोल घेतलात तरी क्रम हाच राहतो.

एक पूर्ण रिग मांडू

गॅदरिंगसाठी मध्यम आकाराचा सेट घेऊ:

- पुढचे एलईडी पार ८, प्रत्येकी ८ चॅनल
- मागचे एलईडी पार ८, प्रत्येकी ८ चॅनल
- शार्पी ४, प्रत्येकी १६ चॅनल
- चार चॅनलचा डिमर पॅक १ (वॉर्म हॅलोजनसाठी)
- स्मोक मशीन १, एक चॅनल

सूत्र एकच आहे: पुढच्या लाईटचा ॲड्रेस = या लाईटचा ॲड्रेस + या लाईटचे चॅनल.

पुढचे पार: १, ९, १७, २५, ३३, ४१, ४९, ५७. शेवटचा पार ६४ वर संपतो.

मागचे पार: ६५, ७३, ८१, ८९, ९७, १०५, ११३, १२१. शेवट १२८ वर.

शार्पी: १२९, १४५, १६१, १७७. शेवट १९२ वर.

डिमर पॅक: २०१ ते २०४.

स्मोक मशीन: २११.

डिमर पॅक १९३ वर बसला असता, तरी मी २०१ वर ठेवला. मुद्दाम. गोल आकडे लक्षात राहतात आणि मध्ये थोडी जागा राहते. पण शार्पी वाढल्या तर ही आठ चॅनलची फट पुरणार नाही. म्हणून भाड्याने येणाऱ्या मालासाठी ३०१ पासून पुढचा पूर्ण भाग रिकामा ठेवायचा. सीझनमध्ये आपण सगळेच एकमेकांकडून माल घेतो. दुसऱ्याच्या चार शार्पी आल्या की त्या ३०१, ३१७, ३३३, ३४९. आपल्या मूळ आकड्यांना हात लावायचा नाही.

आता या सेटमध्ये एक धंद्याची गोष्ट बघा. बाजारात सगळ्यात जास्त खपणारा छोटा कन्सोल म्हणजे १९२ चॅनलवाला, ज्याला सगळे 'डिस्को २४०' म्हणतात. त्यात १२ बटणं, प्रत्येक बटणामागे १६ चॅनल, म्हणजे १२ × १६ = १९२. त्या बटणांचे ॲड्रेस ठरलेले असतात: १, १७, ३३, ४९ असे १७७ पर्यंत. आपले पार आणि शार्पी मिळून बरोबर १९२ वर संपले. डिमर आणि स्मोक मशीनला जागाच उरली नाही. शिवाय आठ चॅनलचे दोन पार एका बटणाखाली येणार. म्हणजे तो कन्सोल वाईट आहे असं नाही. चार-सहा पार आणि दोन शार्पीच्या हळदीच्या कामाला तो आजही चांगला. पण सेट वाढवायचा विचार असेल तर कन्सोलवर पैसे घालण्याआधी असा हिशेब वहीत करा. दुकानदार तुम्हाला हा हिशेब करून देईलच असं नाही.

लाईटवर ॲड्रेस लावताना

डिस्प्ले असलेल्या लाईटवर मेनूमध्ये जाऊन आकडा लावायचा, सोपं आहे. जुन्या पार किंवा डिमर पॅकवर छोटी डिप स्विच असतात. त्यांचं गणित असं: पहिलं स्विच १, दुसरं २, तिसरं ४, चौथं ८, पाचवं १६, सहावं ३२, सातवं ६४, आठवं १२८, नववं २५६. जे ऑन आहेत त्यांची बेरीज म्हणजे ॲड्रेस. १४५ लावायचाय? १२८ + १६ + १. म्हणजे आठवं, पाचवं आणि पहिलं ऑन. दहावं स्विच बहुतेक वेळा मोडसाठी असतं, पुस्तिका बघून घ्या.

मोड ही ॲड्रेसइतकीच महत्त्वाची गोष्ट. एकच शार्पी १६ चॅनलवरही चालते आणि २० वरही. सॉफ्टवेअरमध्ये १६ निवडलं आणि लाईटवर २० राहिलं, तर दोन भानगडी होतात. एक, चॅनलचा क्रम बदलतो, रंग बदलायला गेलात तर गोबो फिरतो. दोन, १२९ वरची शार्पी १४४ ला न थांबता १४८ पर्यंत ऐकते. १४५ पासून दुसऱ्या शार्पीचं राज्य आहे. मग दुसरीला दिलेला हुकूम पहिली पण थोडा थोडा पाळते. लोक म्हणतात लाईट खराब आहे. लाईट खराब नसतो, मोड चुकलेला असतो.

'सगळ्यांना एकच ॲड्रेस' हा शॉर्टकट

बरेच जण सुरुवातीला सगळ्या पारना ॲड्रेस १ लावतात. एका फेडरवर सोळाच्या सोळा पार. पटकन होतं, चॅनल वाचतात, ऑपरेटरला डोकं लावावं लागत नाही. मंडपाच्या बाहेर झाडांवर नुसता रंग मारायचा असेल तर हे चालतं, मी नाही म्हणत नाही.

पण स्टेजवर हे ग्रुपिंग तुम्ही लाईटच्या पाठीवर करून ठेवलंत. कार्यक्रम चालू असताना गायिकेवर वॉर्म आणि मागे निळा हवा, तर शिडी लावून वर चढणार का? म्हणून नियम असा ठेवा: ॲड्रेस प्रत्येकाचा वेगळा, एकत्र आणायचं काम सॉफ्टवेअरमध्ये. वेगळे असलेले लाईट बटणावर एकत्र करता येतात. एकत्र बांधलेले लाईट बटणावर वेगळे करता येत नाहीत.

ग्रुपिंग: कामाच्या नावाने गट करा

पॅच झाला म्हणजे प्रत्येक लाईटशी बोलता येतं. पण कार्यक्रमात तुम्ही २१ जणांशी एकेकट्याने बोलू शकत नाही. तिथे ग्रुप लागतो. क्यूएलसी प्लसमध्ये दोन प्रकार दिसतील. चॅनल ग्रुप म्हणजे अनेक लाईटचे एकाच कामाचे चॅनल एका फेडरवर, उदाहरणार्थ आठही पारचा लाल. फिक्स्चर ग्रुप म्हणजे लाईट एका चौकटीत जसे टांगलेत तसे मांडायचे, मग त्यावरून रंगाची लाट सोडता येते.

आपल्या सेटसाठी हे ग्रुप करा:

- फ्रंट: पुढचे ८ पार
- बॅक: मागचे ८ पार
- डावी आणि उजवी: दोन्ही रांगांतले त्या त्या बाजूचे
- सम आणि विषम: एक सोडून एक, चेसरसाठी
- मध्य: स्टेजच्या मधोमध पडणारे, निवेदक आणि पाहुण्यांसाठी
- शार्पी: चारही
- वॉर्म: डिमर पॅकवरचे हॅलोजन

एक लाईट चार ग्रुपमध्ये असू शकतो, त्यात काही बिघडत नाही. नावं मात्र कामाची द्या. 'ग्रुप ३' असं नाव दिलंत तर तुमच्या जागी आलेला ऑपरेटर काय ओळखणार? 'निवेदक' लिहिलं तर नवखा मुलगाही बरोबर बटण दाबेल.

ग्रुप करताना चार गोष्टी सांभाळा.

एक, डिमर आणि रंग वेगळे ठेवा. ज्या पारला स्वतंत्र डिमर चॅनल आहे तिथे लाल २५५ दिला आणि डिमर शून्यावर राहिला तर अंधारच. रंगाचे फेडर वेगळे, उजेडाचा फेडर वेगळा. मग उजेड कमी केला तरी रंग बदलत नाही.

दोन, शार्पीचे रिसेट आणि लॅम्पचे चॅनल कुठल्याही फेडरवर नकोत. दिव्याच्या शार्पीत लॅम्प गरम असताना बंद झाला तर थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. गाणं अर्ध्यात असताना ही वेळ यायला नको. त्यांचं बटण वेगळ्या पानावर ठेवा.

तीन, स्मोक मशीन एकटं ठेवा. मास्टरसोबत जोडलंत तर पाहुण्यांच्या भाषणात धूर.

चार, कोणाचा हुकूम चालतो ते समजून घ्या. उजेडाच्या चॅनलवर साधारणपणे सगळ्यात मोठा आकडा जिंकतो. म्हणजे 'फ्रंट'चा फेडर ८० टक्क्यांवर असेल तर 'मध्य' कितीही खाली आणला तरी मधले पार विझणार नाहीत. बाकीच्या चॅनलवर, उदाहरणार्थ मान वळवण्यावर, शेवटचा हुकूम चालतो. हे माहीत नसलं की मुलांना वाटतं सॉफ्टवेअर हँग झालं, आणि ती लॅपटॉप रिस्टार्ट करतात, तेही चालू कार्यक्रमात!

क्यूएलसी प्लसमध्ये सोलो फ्रेम म्हणून एक सोय आहे. त्यातलं एक बटण दाबलं की आधीचं आपोआप बंद होतं. रंगांची बटणं त्यात टाका, हा गोंधळ बराच कमी होतो.

हॉल बदलला तर काय बदलायचं?

आपल्या भागातलं मराठी नाटक आज वाशीला भावे नाट्यगृहात, उद्या पनवेलला वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात, परवा कल्याणला अत्रे रंगमंदिरात. ज्यांच्या नावाने वाशीचं नाट्यगृह आहे त्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' रंगवलं, तेव्हा वीज नव्हती, कन्सोलचा प्रश्नच नव्हता. आज प्रयोग तोच असतो, पण प्रत्येक हॉलमध्ये बार वेगळे, लाईटची संख्या वेगळी, उंची वेगळी.

इथे ग्रुपिंगचा खरा फायदा दिसतो. तुमच्या शोचे दोन थर करा. वरच्या थरात सीन: 'पहाट', 'भांडण', 'टाळ्या'. हे सीन थेट ॲड्रेसशी बोलत नाहीत, सॉफ्टवेअरमधल्या लाईटच्या नावाशी बोलतात. खालच्या थरात पॅच: त्या नावाचा लाईट आज कुठल्या ॲड्रेसवर आहे. हॉल बदलला की फक्त खालचा थर बदलायचा. क्यूएलसी प्लसमध्ये फिक्स्चरचा ॲड्रेस बदलला तर त्यावर बांधलेले सीन तसेच राहतात. लाईटचा मॉडेलच बदलला तर रिमॅपची सोय आहे, जुन्या लाईटचे चॅनल नव्यावर जोडता येतात. मग शार्पी कुठे बघते तेवढं नव्याने लावायचं, कारण उंची आणि अंतर बदललेलं असतं.

ज्याने हे दोन थर वेगळे ठेवले नाहीत, तो प्रत्येक हॉलमध्ये पूर्ण शो नव्याने बांधतो. एकाच कामाची मेहनत दहा वेळा, आणि पैसे मात्र प्रत्येक वेळी तेवढेच.

चेकिंगचा क्रम

हॉलवर पोचल्यावर हा क्रम मोडू नका:

१. आधी एकेक लाईट. पहिल्यापासून शेवटपर्यंत, फक्त डिमर आणि लाल. वहीत टिक.
२. मग एकेक ग्रुप.
३. मग सीन.
४. शेवटी ब्लॅकआउट. सगळं खरंच विझतंय का?
५. फाईल सेव्ह. एक कॉपी पेन ड्राइव्हवर.
६. कार्यक्रम सुरू होताना सॉफ्टवेअर ऑपरेट मोडवर. म्हणजे चुकून पॅचला हात लागत नाही.

गडबड झाली तर लक्षणावरून कारण ओळखा:

- काहीच लागत नाही: आउटपुटचा पॅच, नाहीतर डोंगल, नाहीतर पहिली केबल.
- दोन लाईट जोडीने चालतात: ॲड्रेस सारखा लागलाय, किंवा मोड मोठा असल्याने एकाचे चॅनल दुसऱ्यात घुसलेत.
- लाईट लागतो पण रंग भलताच: मोड किंवा सॉफ्टवेअरमधलं मॉडेल चुकलंय.
- एका लाईटपासून पुढचे सगळे बंद: त्याच्या आधीची केबल.
- लाईट मध्येच थरथरतात: शेवटच्या लाईटला टर्मिनेटर नाही, माईकची केबल वापरलीये, किंवा एका लाईनवर फार लाईट झालेत. एका लाईनवर जास्तीत जास्त ३२ धरा, पुढे स्प्लिटर. अगदी स्वस्त डोंगलमध्ये सगळं टायमिंग लॅपटॉपला सांभाळावं लागतं, त्यामुळेही असं होतं. कामाच्या लॅपटॉपवर बाकी काही चालू ठेवू नका.

टर्मिनेटर म्हणजे दुसरं काही नाही, शेवटच्या जॅकमध्ये १२० ओहमचा एक रेझिस्टर. चहाच्या पैशात होतो आणि पूर्ण कार्यक्रम वाचवतो.

पॅच शीट: ही तुमची इस्टेट

आता मुद्द्याचं. वर जे आकडे काढले ते एका कागदावर उतरवा. रकाने एवढेच: लाईट नंबर, जागा, मॉडेल, मोड, ॲड्रेस, कुठल्या ग्रुपमध्ये, शेरा. प्रत्येक लाईटच्या पाठीवर त्याच नंबरचा स्टिकर. कागदाची एक प्रत फ्लाईट केसच्या झाकणाला आतून चिकटवा, एक ऑपरेटरकडे, एक फोटो काढून ग्रुपवर.

मग हेल्परला "तो मागचा तिसरा, नाही रे त्याच्या बाजूचा" असं ओरडायची गरज नाही. "११ नंबर, ॲड्रेस ८१", संपलं. यादीत बघा, मागचा तिसरा पार ८१ वरच आहे.

हा कागद असेल तर नवा ऑपरेटर एका दिवसात तयार होतो. ऑपरेटर सोडून गेला तरी तुमचा सेट मुका होत नाही. तुमची तब्येत बिघडली तर घरातलं कोणीही दुसऱ्या ऑपरेटरला फोन करून तो कागद पाठवू शकतं. आणि उद्या सेट विकायचा झाला, तर नीट नंबर टाकलेला, फाईलसकट मिळणारा सेट घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून कामाला लावता येतो. नुसत्या लाईटच्या ढिगाला भंगाराच्या भावाने मागतात.

याचे पैसे मागायचे का?

मागायचे. कोटेशनमध्ये 'लाईट ऑपरेटरसह' अशी एकच ओळ लिहू नका. सामानाचं भाडं, ऑपरेटर, वाहतूक आणि प्रोग्रॅमिंग, अशा चार ओळी करा. नुसते रंग फिरवायचे असतील तर प्रोग्रॅमिंगची ओळ शून्य ठेवा. पण शाळेच्या बारा नाचांना बारा वेगळे सीन हवे असतील, तर ते काम तुम्ही आदल्या दिवशी घरी बसून करणार आहात. पॅच पक्का असेल तर ते घरी करता येतं, कारण लाईट समोर नसतानाही आकडे तेच राहणार आहेत. क्लायंट घासाघीस करेल, करू दे. ओळ कमी-जास्त करता येते, पण लिहिलीच नाही तर त्याच्या हिशेबी ते काम झालंच नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

सेट नसला तरी चालेल. क्यूएलसी प्लस उतरवून घ्या, वर दिलेला २२ वस्तूंचा सेट त्यात पॅच करा. हो, २२. आठ अधिक आठ अधिक चार अधिक डिमर पॅक अधिक स्मोक मशीन. मात्र ग्रुपमध्ये स्मोक धरलं नव्हतं, म्हणून तिथे २१ लिहिलं होतं. मग वर दिलेल्या नावांचे ग्रुप करा, आणि पॅच शीट हाताने लिहा. शेवटी स्वतःलाच एक प्रश्न विचारा: मागच्या रांगेतला सहावा पार जळाला आणि त्याच्या जागी शेजाऱ्याचा चार चॅनलचा पार आणला, तर ॲड्रेस काय लावाल आणि सॉफ्टवेअरमध्ये काय बदलाल? बाकी कोणाचाही आकडा बदलावा लागेल का?

तुमचं उत्तर व्हिडिओखाली लिहा, मी वाचतो. पुढच्या भागात याच सेटवर शाळेच्या गॅदरिंगचे सीन आणि चेसर बांधू. तोपर्यंत वही-पेन काढा, आकडे लिहायला लागा.